आधी परतीची गाडी

सहदेवदादा गमऱ्यांनी घरात कॅलेंडर लावलं, त्या दिवशी बौद्धवाडीतली चार माणसं हातातली कामं टाकून बघायला आली होती. भिंत चिऱ्याची. चिऱ्यात खिळा ठोकला की तो धरत नाही, बाजूचा भुगा तेवढा गळत राहतो. म्हणून शहाणी माणसं खिडकीच्या गजाला सुतळीनं कॅलेंडर बांधतात आणि मोकळी होतात. दादांनी खेडहून ड्रिल मशीन मागवलं. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून लेव्हल धरली. बायकोला, म्हणजे कमलवहिनींना, चष्म्याशिवाय तारीख कुठून दिसते हे ठरवायला त्यांना चुलीपाशी, मग दाराशी, मग पुन्हा चुलीपाशी उभं केलं. दुपार कलताना कॅलेंडर एकदाचं भिंतीवर गेलं. तेवढ्यात वहिनींनी पाणी आणायला दार उघडलं, दाराची कडी बरोबर कॅलेंडरात घुसली आणि जानेवारी उभा फाटला. गेल्या वर्षीची सुतळी खिडकीला तशीच लोंबत होती, तिच्याकडे वहिनींनी एकदा बघितलं, एवढंच.

दादांचं प्रत्येक काम असं. द्राविडी प्राणायाम म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकातून कळलं नसेल त्यानं गमऱ्यांच्या अंगणात तासभर बसावं, असं विहाराच्या पायरीवरची मंडळी म्हणायची. परड्यातला एक फणस उतरवायचा तर दादांनी दोरखंड आणले, गोणपाटाची झोळी शिवली, झाडावर एक माणूस चढवला, खाली दोन उभे केले. फणस तान्ह्या मुलासारखा अलगद खाली आला. कापला तर कोवळा निघाला. बांगडे आणायला बाजारात गेले तर डबा, डब्याला पिशवी, पिशवीला दुसरी पिशवी, आणि पाऊस आला तर म्हणून छत्री, आणि छत्री मोडली तर म्हणून वर प्लास्टिकचा कागद. एवढा लवाजमा घेऊन बाजारात पोचेपर्यंत कोळणी टोपल्या उचलून घरी निघालेल्या असायच्या.

नोकरीत मात्र हा स्वभाव शोभून दिसला होता. दादा एसटीत वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीआड त्यांनी उभा जन्म काढला. आडगावाहून आलेलं, गोंधळलेलं माणूस खिडकीशी आलं की दादा त्याला गाडी सांगायच्या आधी विचारत, परत कधी येणार. माणूस म्हणायचं, अहो साहेब, अजून गेलो कुठे! दादांचं उत्तर ठरलेलं असायचं. जायला काय, जातो कुणीही. परतीची गाडी आधी बघायची. त्यांच्यामुळे कितीतरी माणसं परक्या गावी अडकायची वाचली, आणि ती दादांना अजून दुवा देतात. पण निवृत्त झाल्यावर खिडकी गेली नि स्वभाव राहिला. आता तो सगळा चहाच्या आधणावर, कपड्याच्या दोरीवर आणि कमलवहिनींवर चालू लागला.

रात्री जेवणं झाली की नवरा-बायको मिळून टीव्हीवर एक विनोदी मालिका बघायची. तिच्यात एक आत्या होती. तिचा पुतण्या सोप्या कामाचं लचांड करून ठेवायचा, नळ गळतो म्हणून अंगण खणायचा, आणि आत्या आमटी वाढता वाढता थांबायची. पळी तशीच अधांतरी. तोंडावर राग नाही, हसू नाही, नुसती बघत राहायची. दादा त्या पुतण्याला बघून पोट धरून हसायचे. कसला वेडा माणूस आहे, म्हणायचे. त्यांचा मुलगा सम्यक पनवेलला असतो. कॅलेंडरची हकिकत त्याला फोनवर कळली, तेव्हा त्यानं त्या आत्याचं चित्र घेतलं, वर लिहिलं, ‘पप्पा कॅलेंडर लावतात’, आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. ते घरच्या ग्रुपवरून वाडीच्या ग्रुपवर गेलं, तिथून मुंबई मंडळाच्या. मग त्या आत्याचा स्टिकरच झाला. विहाराच्या बैठकीत दादांनी ‘पण समजा’ म्हणून तोंड उघडलं की समोरचा कुणीतरी पळी धरल्यासारखा हात करून गप्प बसायचा आणि सगळी बैठक खुसखुसायची.

दादा हसले. थोडं लागलं, पण हसले. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या आत्याचा लळा लागला तो वहिनींमुळे. वहिनींना मोबाइलवर बोलण्यापलीकडे दोनच गोष्टी यायच्या. आलेला आवाज ऐकायचा आणि आत्या पाठवायची. दादा अंगणात मेजपट्टी घेऊन कपड्याच्या दोरीची उंची मोजत असले की खिशात फोन टुंग करायचा. उघडून बघावं तर पळीवाली आत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत बांगड्या वाजायच्या आणि कुणी दिसायचं नाही. चाळीसएक वर्षांच्या संसारात एवढी थट्टा त्या दोघांत कधी झाली नव्हती. कामाच्या धबडग्यात आणि पोरांच्या शाळांत ती राहूनच गेली होती. आता दादा दोरीची गाठ जरा जास्तच वेळ मारत बसायचे आणि फोनची वाट बघायचे.

शिमगा होऊन पालख्या देवळात परत गेल्या, त्याच सुमाराला आंजर्ल्याहून गुरुप्रसादचा फोन आला. गुरुप्रसाद म्हणजे मथुराचा मुलगा, आणि मथुरा म्हणजे कमलवहिनींची शाळेतली मैत्रीण. दोघींचं माहेर खेडच्या आतलं एकच गाव. एक बौद्धवाडीतली, एक कुणबीवाडीतली. शाळेच्या मागच्या चिंचेखाली दोघी वाढल्या, मग मथुरा लग्न होऊन समुद्राकडे गेली आणि वहिनी जगबुडी नदीच्या काठीच राहिल्या. भेटी कमी, पण मोबाइल आल्यापासून दर रविवारी फोन. हल्ली त्या फोनात मथुरा तेच तेच विचारते, हे वहिनींच्या लक्षात आलं होतं. गुरुप्रसादनं त्याचं कारण सांगितलं. आई विसरायला लागली आहे. आमटीत दोनदा मीठ घालते, नातीला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. पण जुनं सगळं लख्ख आहे आणि रोज एकच धोशा, कमळीला बोलवा. दापोलीचे डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. तर मावशी, ती ओळखते आहे तोवर येऊन जा. उद्याच या. राहायलाच या.

वहिनींनी त्याच संध्याकाळी ट्रंकेतून निळी साडी काढली. माळ्यावरच्या बरणीतून चिंचेचा गोळा काढून कागदात बांधला. म्हणाल्या, “उद्या पयल्या गाडीनं जाऊया.”

दादा म्हणाले, जाऊ की. पण परतीचं बघायला हवं.

आता खेडहून दापोली आणि दापोलीहून आंजर्लं, ही वाट वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. खाडीवर पूल झाल्यापासून तर होडीचीही कटकट नाही. पण आंजर्ल्याहून परत येणारी संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम पडतो, आणि मुक्काम करायचा नाही, हे दादांनी मनात पक्कं धरलं होतं. त्यांनी जुन्या सोबत्यांना फोन लावले. कोण ड्रायव्हर आहे, गाडी किती थांबते, बिघडली तर मागून दुसरी आहे का. दापोलीच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, गाडी आली नाही तर तू ये. रिक्षावाला पुढच्या आठवड्यात साडूच्या लग्नाला निघाला, म्हणून तो आठवडा रद्द. मग बुद्ध पौर्णिमा आली, विहाराचा कार्यक्रम, मुंबई मंडळाची माणसं उतरणार, तेव्हा घर सोडून कसं जायचं. मग कोकमं पिकली. मग वाडीतलं एक लग्न. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथली निम्मी विघ्नं दादा स्वतः हाताला धरून आणत होते.

आंजर्ल्याहून गुरुप्रसादची बायको निशिगंधा मधूनमधून फोन करायची. मावशी, निघालात का? वहिनी म्हणायच्या, निघतोय गो. फोन ठेवला की दादांचा फोन टुंग करायचा. दादा कंडक्टरला फोन लावतायत, आत्या. दादा घड्याळ लावून घर ते थांबा चालून बघतायत, आत्या. दादा हसून म्हणायचे, चालू दे तुझं, पण एकदा का सगळं जुळलं की बघ कसे बिनघोर जातो.

एका दुपारी वहिनी अंगणात कोकमं फोडत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल. दादा पायरीवर बसून सांगत होते की संध्याकाळची गाडी हल्ली वाटेतल्या पाळंद्याला रेंगाळते असं कानावर आलंय, तेव्हा आणखी थोडं थांबून खात्री करू. वहिनींनी सुरी खाली ठेवली.

“मथुरीच्या घरी जायला मला परतीची गाडी नाय लागत,” त्या म्हणाल्या.

“तुला नाय लागत. मला लागते.”

का लागते, ते वहिनींना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दादांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, आणि नंतर पुन्हा कधी विषय काढला नव्हता. दादा लहान असताना वडिलांबरोबर, भागोजींबरोबर, किनाऱ्याकडच्या एका गावी सुकी मासळी आणायला गेले होते. घरात बहिणीचं लग्न होतं. मासळी घेता घेता शेवटची गाडी गेली. काळोख पडला, झिमझिम पाऊस. भागोजींनी एका घराच्या पडवीशी उभं राहून रातभर टेकायला जागा मागितली. आतला माणूस कंदील घेऊन बाहेर आला, चांगला बोलला, कुठले म्हणाला, आणि मग विचारलं, कुणापैकी? भागोजींनी खरं ते सांगितलं. माणसानं कंदील तिकडे, रस्त्यापलीकडच्या फणसाकडे दाखवला आणि दार लावून घेतलं. बाप-लेक रातभर फणसाखाली मासळीच्या गोणीवर ओणवे होऊन बसले, मासळी भिजू नये म्हणून. पहाटे पहिल्या गाडीत बसल्यावर भागोजी एवढंच म्हणाले, पुढच्या टायमाला आधी परतीची गाडी बघायची.

त्या एका वाक्यावर दादांचं सगळं आयुष्य उभं राहिलं होतं. डबा आपला, पाणी आपलं, छत्री आपली, छत्री मोडली तर कागद आपला. कुणाच्या पडवीशी उभं राहून काही मागायची पाळी येऊ नये. वाडीला वाटायचं, माणूस चक्रम आहे. सम्यकलाही तेच वाटायचं, कारण दादांनी मुलांना फणसाचं झाड कधी सांगितलंच नव्हतं. वहिनींना माहीत होतं म्हणूनच त्या आजवर कधी रागावल्या नव्हत्या, आत्या पाठवून मोकळ्या व्हायच्या.

पण त्या दुपारी त्या रागावल्या. आवाज न चढवता रागावल्या. म्हणाल्या, “ती मानसं येगळी व्हती. ही मथुरा हाय. माज्या डब्यातली भाकर खाल्लीन म्हनून आईचा मार खाल्लान तिनं. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नि परत माजाच डबा उघडलान. तुमी तिच्या घराला त्या कंदिलवाल्याच्या रांगेत कसं बसवताव?”

बघतो, दादा म्हणाले, दोन दिवसांत नक्की करतो. वहिनींनी सुरी उचलली आणि पुढलं कोकम फोडलं.

त्या दिवसापासून आत्या यायची बंद झाली. दादा दोरी मोजत बसले, फोन गप्प. ड्रायव्हरला विचारत बसले, फोन गप्प. दादांना वाटलं, पटलं हिला. बायकोला आपलं म्हणणं पटलं की घरात एक शांतता येते, तसली शांतता त्यांना ती वाटली. दोन दिवसांचे आठवडे झाले. मान्सूनच्या बातम्या लागायला लागल्या तेव्हा कुठे दादांचा सगळा मेळ बसला. जायची गाडी, परतीची गाडी, परतीच्या गाडीवर ओळखीचा ड्रायव्हर, आणि तो थांब्यावर आपल्यासाठी दोन मिनिटं गाडी धरेल असा त्याचा शब्द. जेवताना त्यांनी हे मोठ्या उमेदीनं सांगितलं. वहिनी बरं म्हणाल्या आणि ताटं उचलली.

उद्या येतोय म्हणून कळवायला दादांनी गुरुप्रसादला फोन केला. तो म्हणाला, या काका. आईला मधे ताप येऊन गेला. आठवडाभर पडून होती. आता बरी आहे. या तुम्ही. तापाचं दादांनी वहिनींना सांगितलं. आठवडाभर पडून होती, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली. दादांच्या पिशवीत दोन वेळचं जेवण, पाण्याच्या बाटल्या, चादर, बॅटरी. वहिनींच्या हातात कागदात बांधलेली चिंच. आणि काय सांगावं, त्या दिवशी प्रत्येक गाडी वेळेवर मिळाली. खेडला उतरले तर दापोलीची गाडी उभी. दापोलीला उतरले तर आंजर्ल्याची गाडी दाराशी, आणि खिडकीजवळ बसायला जागाही. हर्णैच्या उतारावर समुद्र दिसला तेव्हा ऊन नीट चढलंही नव्हतं. वहिनींनी पदर सावरला. एवढंच होतं, दादांच्या मनात आलं. एवढंसंच होतं हे.

निशिगंधा थांब्यावर न्यायला आली होती. तिनं वाकून दोघांच्या पाया पडून वहिनींचा हात धरला, आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. मथुरा पडवीत बाकावर बसली होती. केसांना नुकतंच तेल लावलेलं, अंगावर स्वच्छ पातळ, मांडीवर हात जुळवून ठेवलेले. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मथुरे.”

मथुरानं वर बघितलं. पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीनं. म्हणाली, “बसा ना.” मग सुनेकडे वळून हळूच विचारलं, “कोन गो ही?”

“मी कमळी,” वहिनी म्हणाल्या.

“बरं,” मथुरा म्हणाली.

वहिनी तिच्या शेजारी बसल्या. कागद सोडून चिंच पुढे केली. मथुरानं एक तुकडा तोंडात टाकला, आंबट लागून डोळे मिटले, आणि लहान मुलीसारखी हसली. चिंच कुठली म्हणून विचारलं. आपल्या शाळेमागली, वहिनींनी सांगितलं. असेल, मथुरा म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला. वहिनी रडल्या नाहीत. त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जसं काही तिथं अजून कुठेतरी दार किलकिलं असेल. दादांना तिथे बसवेना. ते उगाच पिशवी उघडून बाटल्या मोजायला लागले.

जेवायला निशिगंधानं सगळ्यांना एका पंगतीत वाढलं. भात, सुरमईची आमटी, सोलकढी. दादांच्या पिशवीतला डबा उघडायची वेळच आली नाही, आणि त्याची कुणी चौकशीही केली नाही. जेवणानंतर जरा लवंडा काका, म्हणून तिनं त्यांना माजघरात नेलं. तिथं दोन गाद्या घातलेल्या होत्या. उन्हात वाळवलेल्या चादरी, एका गादीवर एक उशी आणि दुसरीवर एकावर एक दोन.

दादांना वाटलं, आज घातल्या असतील. निशिगंधा म्हणाली, नाही, या शिमग्यापासूनच्या आहेत. आई काढू द्यायच्या नाहीत. रोज संध्याकाळी गाडीचा हॉर्न वाजला की मला थांब्यावर पिटाळायच्या, कमळी उतरली असेल, काळोखात तिला घर सापडायचं नाही. मी रिकामी परत आले की म्हणायच्या, मग उद्या येईल, गाद्या राहू देत. दोन उश्या तुमच्यासाठी. मावशी कधीतरी फोनवर बोलल्या होत्या की तुम्हाला उंच उशी लागते, ते आईंनी कसं कोण जाणे, बरोबर लक्षात ठेवलं होतं.

“आणि आता?” दादांनी विचारलं.

“तापातून उठल्यावर विचारायच्या थांबल्या,” निशिगंधा म्हणाली. “गाद्या मीच काढल्या नाहीत.”

ती भांडी घासायला गेली. दादा गादीच्या कडेला बसले. दोन उश्यांवरून त्यांनी हात फिरवला. आयुष्यभर ज्या पडवीची धास्ती घेतली, तिच्या आत कुणीतरी आपल्या मानेखालच्या उशीची उंची ध्यानात ठेवून वाट बघत होतं, आणि आपण घरी बसून ड्रायव्हरचं नाव विचारत होतो. इथे न येण्याइतकं अवघड काम दुसरं कुठलं नव्हतं, आणि तेच आपण इतक्या मेहनतीनं केलं. बैल गेला नि झोपा केला, अशी गत झाली. दादांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांना त्या गादीवर आडवं होववेना.

तेवढ्यात फोन टुंग झाला. दादांनी घाईघाईनं उघडला. वहिनींचा नव्हता. सम्यकनं ग्रुपवर टाकलं होतं. तीच आत्या, तीच पळी, वर लिहिलं होतं, ‘आंजर्ले. जायला अर्धा दिवस. पप्पांची तयारी अख्खा उन्हाळा.’ खाली भराभर हसरे चेहरे येत होते. पोराचा काही दोष नव्हता, त्याला इथलं काय माहीत. दादा त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिले. आजवर त्यांना वाटायचं, ही बाई आपल्याला हसते. ती हसत नव्हतीच. समोर पान मांडलेलं होतं, आमटी निवत चालली होती, आणि ती वाढायची थांबून वाट बघत होती, की हा माणूस जेवायला कधी बसतो.

ऊन उतरलं तशी दादांना सवयीनं जाग आल्यासारखी झाली. त्यांनी पिशवी उचलली. वहिनी पडवीत मथुराच्या मागे बसून तिचे केस विंचरत होत्या. दादा म्हणाले, जरा थांब्यावर जाऊन बघतो. वहिनींनी नुसती मान हलवली. त्यांनी चपला शोधल्या नाहीत, एवढं मात्र दादांनी बघितलं.

गाडी वेळेवर आली. दिलेल्या शब्दाला जागून ड्रायव्हरनं ती थांब्यावर धरली आणि खिडकीतून हात केला. चला गमरे साहेब, वहिनी कुठायत? दादा गाडीच्या दाराशी उभे होते. सगळा उन्हाळा खर्चून जुळवलेली ती गाडी, स्वच्छ, अर्धी रिकामी, त्यांच्यासाठी घरघरत उभी होती. ते पायरीवर चढले नाहीत. म्हणाले, जा तुम्ही. आम्ही राहतोय. ड्रायव्हरला खरं वाटलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं. दादांनी पुन्हा तेच सांगितलं. गाडी सुरूच्या बनाकडे वळून दिसेनाशी झाली आणि दादा परक्या गावात, परतीच्या गाडीविना, पिशवी धरून उभे राहिले.

ते परत आले आणि पडवीच्या पायरीशी थांबले. मथुरानं त्यांच्याकडे बघितलं. सकाळी आलेला पाहुणा तिच्या लेखी केव्हाच पुसला गेला होता. तिच्यासमोर दाराशी एक अनोळखी म्हातारा पिशवी घेऊन उभा होता.

“गाडी गेली काय तुमची?” तिनं विचारलं.

“हो,” दादा म्हणाले. “गेली.”

आता ती पुढचं विचारेल म्हणून दादा थांबले. कुठले तुम्ही, कुणापैकी. या पट्ट्यात दाराशी आलेल्या माणसाला ते विचारल्यावाचून कुणी राहत नाही. उत्तर द्यायला त्यांनी घसाही साफ केला.

मथुरानं काही विचारलं नाही. बाकावर जरा सरकून जागा केली आणि म्हणाली, “मग आता कुठं जाल? ऱ्हावा हितंच.”

तिच्या केसांत फिरणारी फणी थांबली. कमलवहिनींनी फणीचा हात तसाच अधांतरी धरून दादांकडे बघितलं. राग नाही, हसू नाही, नुसत्या बघत राहिल्या. दादांना ती नजर सोसवेना. त्यांनी मान खाली घातली, पिशवी पायरीवर ठेवली आणि चपला काढल्या.